गारवाडी: निरंक

गारवाडी, पोस्ट कान्हे
१८ फेब्रुवारी २०२५

चि. माधवी,

मामाचे आशीर्वाद. आशीर्वाद द्यायची रीत आहे म्हणून दिले, एरवी आज मी तुझ्यावर चांगलाच तापलेलो आहे. फोन करूनच भांडलो असतो, पण वाडीत रेंज नाही हे तुला ठाऊक आहे. त्यासाठी टेकाडावर चढावं लागतं आणि वर पोहोचेपर्यंत माझा दम जातो, निम्मा रागही जातो. म्हणून कागद घेतला. कागदावर राग पुरा राहतो.

काल ग्रामपंचायतीत तुमच्या कचेरीचा नकाशा लावला. आगीची गाडी कुठे किती वेळात पोहोचते आणि आपल्या भागात नवं अग्निशमन केंद्र कुठे बांधायचं, त्याचा. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत तुझं नाव. चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि जमलेल्या सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, "भाची हाय माजी." मग भिकाजीने बोट ठेवून आपली वाडी दाखवली. डोंगराला चिकटून, तांबड्या रंगात, उंदराच्या लेंडीएवढी. शेजारच्या तक्त्यात लिहिलेलं, 'गारवाडी, पाच वर्षांतील आगी: निरंक.' सगळे माझ्याकडे बघायला लागले.

निरंक? अगं, मागच्या शिमग्याच्या आधी झुंबरबाईचा गोठा जळाला तो काय स्वप्नात? दोन म्हशी सोडवल्या, तिसरी आतच जळून गेली. तिच्याच आईचं दूध पिऊन तू मे महिन्याच्या सुट्ट्या काढल्यास. सगळी वाडी हंडे-कळश्या घेऊन धावली, मामीचे पाय पोळले. ती आग तू कोणाच्या खात्यात टाकलीस?

आणि केंद्र ठेवलंस खिंडीपलीकडे, निळाई बंगल्यांच्या शेजारी! जिथे आठवड्यातले पाच दिवस माणूस नसतं आणि दोन दिवस माणसं पाण्यातच बसलेली असतात. तिथून आमच्याकडे गाडी यायची तर डोंगराला अख्खा वळसा. तोवर आम्ही काय राखेला पाणी घालत बसायचं?

हरकत घ्यायला मेअखेरपर्यंत मुदत आहे म्हणतात. मला हरकत घ्यायची आहे. कशा भाषेत घेऊ ते कळव. सभ्य भाषेत हवी असेल तर थोडा वेळ लागेल.

मामी म्हणते, लोणच्याची बरणी रिकामी झाली असेल तर परत पाठव.

तुझा,
कोंडाजी मामा

*

पुणे
२७ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

नमस्कार. तुमचं पत्र कचेरीच्या पत्त्यावर आलं, म्हणजे ते सगळ्यांनी पाहिलं. लेंडीचा मजकूर आमच्या निलेश सरांनीही वाचला. पुढचं पत्र घरी पाठवा.

मामा, आगी मी मोजत नाही. अग्निशमनच्या केंद्रावर आलेले फोन मोजते. कुठून फोन आला, गाडी कधी निघाली, कधी पोहोचली, एवढंच माझ्यापुढे येतं. पाच वर्षांत निळाई बंगल्यांकडून फोनांचा नुसता पाऊस आहे. गारवाडीहून एकही नाही. झुंबरमावशींचा गोठा पेटला तेव्हा तुमच्यापैकी कोणी फोन केलात? कोणीच नाही ना? मग सरकारच्या लेखी ती आग लागलीच नाही. मला हे पटतं असं समजू नका. पण नियम मी केलेला नाही, आणि रोज त्याच्याशी डोकं आपटून माझं कपाळ सुजलंय.

आता दुसरं, आणि हे तुम्हाला आवडणार नाही. डिसेंबरात मी पाहणीला आले होते. देवळापासून पुढे तुमचा रस्ता म्हणजे दोन खाचरांमधला बांध आहे. आगीची गाडी कशीबशी आत जाईल, पण वळणार कुठे? उलटी यायची तर चाक खाचरात. नियमात स्पष्ट आहे की जिथे गाडी वळू शकत नाही तिथे 'प्रवेश नाही' असं लिहायचं. केंद्र कुठेही बांधा, वाडी तांबडीच राहणार.

वाडीत गाडी वळेल एवढी सपाट जागा एकच आहे, विहिरीजवळचं तुमचं राबाचं खाचर. तेवढी वळणासाठी लिहून दिलीत तर मी उद्या रंग बदलते. तेव्हाही मी हे बोलले होते. तुम्ही मला भाकरी वाढलीत आणि विषय म्हशीवर नेलात.

हरकत सभ्य भाषेत घ्या. झुंबरमावशींच्या गोठ्याचं साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहून पाठवा, मी ते नक्की लावून धरीन. बरणी पाठवते.

तुमची,
माधवी

*

गारवाडी
८ मार्च २०२५

चि. माधवी,

राबाची जागा देणार नाही. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं शांत डोक्याने लिहिता येईल.

तुझ्या निलेश सरांना राब म्हणजे काय ते कदाचित माहीत नसेल, तर वाचून दाखव. भाताचं रोप टाकायच्या आधी ती जमीन भाजून घ्यावी लागते. शेण, पालापाचोळा, झाडाच्या डहाळ्यांची कवळं, गवत असं थरावर थर लावायचं, वर माती पसरायची आणि पेटवायचं. तण मरतं, माती मऊ होते, मग मिरगात तिथे रोप उगवतं आणि तेच पुढे सगळ्या खाचरांत लावतात. माझ्या आज्यापासून आमचा राब त्याच जागी भाजला जातो. तुम्ही खाता तो इंद्रायणी तिथे जन्माला येतो. तिथे गाड्या वळवायच्या म्हणे!

आता खरी गंमत ऐक. मागच्या रविवारी मी राब पेटवला. तासाभरात देवळाच्या रस्त्याने घंटा वाजवत आगीची लाल गाडी आली. मी म्हटलं, कुठे लागली बाबा? ड्रायव्हर कामशेतचा वाहिद. त्याचा बाप आणि मी बाजाराला बरोबर जायचो. खाली उतरून म्हणाला, "हितंच, आबा. बंगल्यावरून फोन आला, डोंगराला आग लागलीय म्हनून." मी त्याला राब दाखवला. तो म्हणाला, "दर साली ह्येच. राब तुमी भाजता आन् फोन ते करत्यात. कागदावर निळाईची आग म्हनून चढतंय." चहा पिऊन, बांधावरून उलटी गाडी घेत, घामाघूम होऊन गेला बिचारा.

कळलं का माधवीबाई? तुझ्या त्या फोनांच्या पावसातला धूर आमचा आहे. भाजतो आम्ही, ठसका लागतो त्यांना आणि केंद्रही त्यांनाच. आमचं खरं जळतं तेव्हा आम्ही फोन करत नाही, कारण रेंज नाही आणि सवयही नाही. वाडीत आग लागल्यावर बाहेरच्याला बोलवायचं म्हणजे सगळ्यांनाच कमीपणा वाटतो.

पण आता ठरलं. फोन मोजता ना, मग फोन घ्या. मामी हल्ली शनिवार-रविवार निळाईवर स्वयंपाकाला जाते. पाहुण्यांना पिठलं, भाकरी, भजी हवी असतात, ती करून घालते. तिथे रेंज मरणाची आहे. मी इकडे धूर करायचा, तिने खिडकीतून बघायचा आणि लगेच फोन लावायचा, "गारवाडीत आग." मामी आधी नको म्हणत होती. मी दोन दिवस जेवलो नाही, तेव्हा कबूल झाली.

तुझा,
मामा

*

पुणे
१७ मार्च २०२५

ती. मामा,

हात जोडते, पाया पडते, काय म्हणाल ते करते, पण हा प्रकार ताबडतोब बंद करा.

राबाचं कळवलंत ते सोन्यासारखं काम केलंत. गेले चार दिवस मी तीच नोंद उकरतेय. निळाईचे बहुतेक फोन फेब्रुवारी ते मे याच महिन्यांतले आहेत, शनिवार-रविवारचे आहेत आणि पुढे 'गाडी परत, आग नाही' असा शेरा आहे. माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. निलेश सरांना दाखवलं तर म्हणाले, "नोंद म्हणजे नोंद. आपण काय शेतकी खातं आहोत?" मी आठवडाभर त्यांच्या मागे लागून ते फोन वगळायला लावणार आहे. हे मी करीन. माझ्यावर सोडा.

पण तुम्ही जे चालवलंय ते खोटं आहे, मामा. बंगल्यातल्या लोकांनी न कळून फोन केले, तुम्ही कळून करणार. आणि त्या बाजूला गाडी एकच आहे हे तुमच्या लक्षात येतंय का? ती तुमच्या राबापाशी चहा पीत उभी असताना दुसरीकडे खरंच काही पेटलं तर काय करायचं? तुमच्या वाडीला केंद्र मिळावं असं मलाही वाटतं. म्हणून तर रात्रंदिवस डोकं फोडतेय. पण असं मिळवायचं?

मामीला यात ओढलंत हे तर मला मुळीच आवडलं नाही. तिच्या नंबरावरून खोटे फोन गेले तर उद्या विचारणा तिला होईल, तुम्हाला नाही. आणि दोन दिवस उपाशी राहिलात म्हणून कौतुक करू का? लहान मूल बरं.

पत्र मिळताच टेकाडावर चढून मला फोन करा आणि 'बंद केलं' एवढं सांगा.

तुमची,
माधवी

*

गारवाडी
२ एप्रिल २०२५

चि. माधवी,

टेकाडावर चढलो नाही. गुडघा दुखतो. शिवाय बंद केलेलं नाही, मग सांगायला काय चढायचं?

तू काळजी करू नकोस, सगळं छान जमलंय. शनिवारी जेवणवेळेला मी थोडा पाला पेटवतो, मामी फोन लावते, गाडी येते, गारवाडीच्या नावावर आग चढते. भिकाजी तर म्हणतो आणखी दोन राब मांडू. वाहिद मात्र वैतागलाय. मागच्या खेपेला म्हणाला, "आबा, योकच राब किती येळा भाजताय? आता तर मातीबी करपली." मी म्हटलं, "सरकारला लय वास लागतो रं, तवा कुटं कळतं." हसला नाही. चहा मात्र प्यायला. त्याचा सगळा राग त्या बांधावरून उलटी गाडी काढण्यावर आहे. मागचं चाक एकदा घसरलंच होतं, आम्ही आठ जणांनी खांदा दिला.

गाडी एकच आहे, एकच आहे म्हणून तू मला भीती घालतेस. अगं, पेटतंय कुठे काय? खिंडीपलीकडे दर शनिवारी धूर निघतो तो मी इथून बघतोच की. लोखंडी शेगडीवर कोंबड्या भाजतात आणि गाणी लावतात. त्यांच्या धुराला कधी कोणी फोन केलाय? आमच्याच धुराची सगळ्यांना भीती.

मामी कुरकुर करते. फोनवरची बाई तिला आता आवाजावरून ओळखते म्हणे. मी म्हटलं बरंच झालं, ओळख वाढली. तू तुझ्या सरांच्या मागे लाग, मी इकडून लागतो. दोन्ही बाजूंनी रेटलं की हलेल.

तुझा,
मामा

*

पुणे
१७ एप्रिल २०२५

ती. मामा,

तुम्हाला काय लिहावं ते कळत नाही, म्हणून झालं ते सरळ लिहिते.

निळाईचे राबाचे फोन अखेर वगळले. तीन बैठका आणि माझ्या आवाजाचा बळी देऊन. ते वगळल्यावर निळाईकडे जवळजवळ काहीच उरलं नाही. मग मी म्हटलं की त्याच न्यायाने गारवाडीचे यंदाचे फोनही वगळा, तेही राबाचेच आहेत. तेव्हा निलेश सर उखडले. "रोज उठून नोंदी धूत बसायचं का? एकदा धुतल्या, बस झालं," म्हणाले. फोन तसेच राहिले. परिणाम असा की सुधारित नकाशात केंद्र खिंडीच्या अलीकडे आलंय, गारवाडीच्या तोंडाशी. वळणाच्या जागेचं नंतर बघू म्हणाले.

बातमी कळली तेव्हा मी आनंदाने जागेवरून उठलेच. मग परत बसले आणि माझी मलाच लाज वाटली. तुमचं मागणं खरं आहे, मामा, पण मिळालं ते खोट्यावर. मेअखेर हरकती संपल्या की नकाशा पक्का होईल. तोवर मी तोंड मिटून बसायचं की काय, हेही मला ठरवता येत नाही.

पण निदान आता तरी थांबा. जिंकलात. शनिवारी राब पेटवू नका, गाडी बोलावू नका. मामीला सांगा, फोनवरच्या बाईची ओळख पुरे झाली.

तुमची,
माधवी

*

गारवाडी
२६ एप्रिल २०२५

चि. माधवी,

तुझं सतरा तारखेचं पत्र सोमवारी आलं. उंबऱ्यातून आत टाकलेलं होतं. मी ते दोन दिवसांनी पाहिलं, कारण घरी नव्हतो. तळेगावला दवाखान्यात होतो. मामी तिथे आहे. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात. दोन्ही हात भाजलेत, कोपरापर्यंत. तुला आधी कळवायला हवं होतं, पण फोनवर हे सांगायला माझं तोंड उघडेना.

मागच्या शनिवारी जेवणवेळेला मी धूर केला. मामीने फोन लावला. वाहिद आला. बांधाच्या टोकाला गाडी उभी केली, मी चहा आणला. आम्ही पिंपळाखाली बसलो होतो, तेवढ्यात खिंडीपलीकडे धूर दिसला. वाहिदने आधी पाहिला. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, ह्यो धूर येगळा हाय. काळा हाय." मी त्याचा हात धरून खाली बसवला. म्हटलं, "बस रं. कोंबड्या भाजत्यात त्ये. चरबीचा धूर काळाच असतो. च्या पी."

हे मी म्हणालो. माझ्या तोंडाने.

तो बसला. माझ्या वयाकडे बघून बसला. चहा संपवलाही असेल. मग त्याच्या गाडीतला तो बोलायचा डबा खरखरला, निळाईच्या स्वयंपाकघरात आग, बाई आत आहे. निळाईच्या स्वयंपाकघरात बाई एकच असते.

भज्यांच्या कढईतलं तेल पेटलं होतं. तिथून पडद्याला आणि वरच्या लाकडाला लागलं. पाहुण्यांची मुलं दाराशी खेळत होती, त्यांना तिने बाहेर ढकललं आणि सिलिंडर बंद करायला परत आत गेली. त्याच्याआधी फोन तिनेच केला होता. फोनवरच्या बाईने आवाज ओळखला. म्हणाली, "मावशी, गाडी गारवाडीलाच आहे की. तुम्हीच बोलावलीत ना मघाशी?"

वाहिदने गाडी सुरू केली आणि वळवायला जागा नाही. उलटी घेतली. घाई झाली आणि मागचं चाक खाचरात गेलं. आम्ही खांदे लावले, दगड घातले, मी माझा सदरा काढून चाकाखाली घातला. गाडी जागची हलेना. तेव्हा ती तशीच टाकून आम्ही सगळे खिंडीतून पळत सुटलो. म्हातारे, बाया, सगळे. झुंबरबाई माझ्यापुढे होती. पोहोचलो तेव्हा त्या पाहुण्यांनी पोहायच्या टाकीपासून दारापर्यंत रांग लावली होती आणि बर्फ ठेवायच्या बादल्यांनी पाणी ओतत होते. ज्यांना मी हसायचो तेच. आम्ही त्याच रांगेत शिरलो. आग विझली. मामीला त्यांच्यातल्याच एकाने आपल्या गाडीत घालून आधीच नेलं होतं.

तुझ्या पत्रात लिहिलंस, 'जिंकलात.' मी ते दवाखान्यात घेऊन गेलो होतो, तिला वाचून दाखवावं म्हणून. पण दाखवलं नाही.

मामा

*

पुणे
३ मे २०२५

ती. मामा,

परवा दवाखान्यात तुम्ही खाली चहा आणायला म्हणून गेलात ते मी जाईपर्यंत वर आला नाहीत. मामीने माझ्या डब्यातला भात खाल्ला, मी भरवला. ती म्हणाली, "तुज्या मामाला सांग, जेव म्हनावं." त्या बाईचा मला कधी कधी तुमच्याइतकाच राग येतो. एवढं होऊनही काळजी तुमचीच.

मला तुमच्यावर ओरडायचं होतं. मार्चमध्येच लिहिलं होतं मी, गाडी एकच आहे म्हणून. पण तुमचं पत्र वाचल्यावर ओरडायला काही उरलं नाही. तुम्हीच स्वतःला पुरेसे बोलला आहात.

म्हणून कामाचं लिहिते. त्या शनिवारची नोंद मी पाहिली. गारवाडीपुढे लिहिलंय, 'गाडी पोहोचली.' निळाईपुढे लिहिलंय, 'गाडी उपलब्ध नाही, आग स्थानिकांनी विझवली.' ज्या ठिकाणी गाडी पोहोचली नाही ती घटना आमच्या गणितात धरतच नाहीत, कारण पोहोचायचा वेळच नाही. म्हणजे मामीची आग नकाशावर नाही, आणि तुमचा राब आहे. नकाशा आज पक्का झाला तर केंद्र तुमच्या वाडीला मिळतं.

हे बदलायचं तर तुमच्या सहीची हरकत लागेल. वाडीच्या नावावरचे यंदाचे फोन खोटे आहेत, असं तुम्हालाच लिहावं लागेल. मग कदाचित दंड होईल. केंद्र परत खिंडीपलीकडे जाईल. भिकाजी आणि बाकीचे तुमच्याशी बोलणार नाहीत. मी तुमच्या वतीने एक अक्षरही लिहिणार नाही आणि काय करा हेही सांगणार नाही. मुदत मेअखेर आहे.

तुमची,
माधवी

*

गारवाडी
२० मे २०२५

चि. माधवी,

सोबत हरकत जोडली आहे. सभ्य भाषेत आहे. जास्त वेळ लागला नाही.

त्यात लिहिलंय की यंदाचे गारवाडीचे सगळे फोन माझ्या सांगण्यावरून झाले, राबाचे होते, ते काढावेत. फोन शालूबाईच्या, म्हणजे तुझ्या मामीच्या, नंबरावरून गेले तरी विचारणा मला करावी. निळाईच्या स्वयंपाकघराची आग खरी होती, ती धरावी. झुंबरबाईचा गोठाही खरा होता, त्याखाली वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या आहेत. भिकाजीने सही करायला चार दिवस लावले आणि मला नको ते बोलला. मी ऐकून घेतलं. मग केली.

केंद्र तुझ्या पहिल्या नकाशात होतं तिथे गेलं तर जाऊ दे. मी भांडायचा थांबलो असं समजू नकोस. वाडीला गाडी पाहिजे ती पाहिजेच, रेंजसाठी टॉवरही पाहिजे, त्याचा अर्ज वेगळा टाकतोय, कोणाकडे टाकायचा तो पत्ता कळव. पण पुढच्या वेळी जे मोजाल ते खरं मोजा.

दुसरा कागद तलाठ्याकडचा आहे. विहिरीजवळची राबाची जागा गाडीच्या वळणासाठी लिहून दिली. यंदाचं रोप वरच्या तुकड्यात टाकू. तिथे पाणी डोक्यावरून न्यावं लागेल, नेऊ.

मामी आठ दिवसांपूर्वी घरी आली. हात अजून बांधलेले आहेत. भाकरी मी करतो. ती खाते आणि काही म्हणत नाही, यावरून कशी होत असेल ते ओळख.

काल आम्ही राबाच्या जागेवर मुरूम टाकून धुमसाने चोपून घेतला. संध्याकाळी वाहिद गाडी घेऊन आला. कोणी बोलावलं नव्हतं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बघू म्हनलं, वळतीय का." देवळापासून बांधावरून आला, विहिरीपाशी चाक फिरवलं आणि गाडी एका दमात वळून तोंड परत आल्या वाटेकडे करून उभी राहिली. पोरं-बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मामी दारात बसून बघत होती. टाळ्या थांबल्यावर म्हणाली, "येवढीच जागा लागत व्हती व्हय?"

मी आत जाऊन चूल पेटवली.

मामा